जुन्या गाड्या आणि त्यांची इंजिनं नुसती बघून कशी ओळखायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक जुना फोटो सापडलाय, त्यात गाडी आहे. कुठून सुरुवात करू?

आधी गाडीवरचं नाव वाचायचा मोह आवरा. सगळे तिथेच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. बॅज, ग्रिल, बंपर, चाकं, आरसे, हे सगळं स्क्रूने लागलेलं असतं, म्हणजे एका दुपारीत बदलता येतं. मी गाडी बघताना आधी काचा बघतो, मग दारं, मग छप्पर मागे कसं उतरतं ते, मग दाराची मागची कड आणि मागचं चाक यात किती पत्रा आहे ते, कारण या गोष्टी बदलायला पत्रा कापावा लागतो आणि एवढा उपद्व्याप सहसा कोणी करत नाही. जे बदलायला अवघड त्याच्यावर जास्त विश्वास, सोपं त्याच्यावर कमी. खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हेच फिरून फिरून येईल, कंटाळा आला तर सांभाळून घ्या.

पण बॅज अगदी स्पष्ट वाचता येतोय, मग अजून काय हवं?

बॅज काय सांगतो, तर बॅज लावणाऱ्याला काय सांगायचं होतं ते. साध्या फोर्ड मस्टँगला जीटी या भारी आवृत्तीचे बॅज लावलेल्या गाड्या ढिगाने आहेत. उलटंही होतं, बॅज पडून गेलेला असतो आणि खरी भारी गाडी साध्या गाडीसारखी उभी असते. बॅजपेक्षा बॅजच्या जागेची भोकं जास्त खरं बोलतात, म्हणजे रंगाखाली बुजवलेली जुनी भोकं दिसली की समजायचं इथे आधी दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं. डिनोचं उदाहरण तर मजेशीर आहे, ही गाडी फेरारीनेच बनवली पण डिनो २४६ वर कंपनीने फेरारीचा बॅज लावला नव्हता, आणि आज कित्येक डिनोंवर तो दिसतो कारण मालकांनी नंतर हौसेने लावला.

गाडी साधारण कुठल्या काळातली हे तरी कसं कळणार?

यासाठी कंपनी माहीत नसली तरी चालतं. मडगार्ड वेगळे उठलेले, हेडलाइट दांडीवर मोकळे उभे, बाजूला पाय ठेवायची फळी, असं असेल तर बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गाडी. मडगार्ड आणि दारं एकाच सपाट पत्र्यात मिसळून गेलेत तर बहुतेक युद्धानंतरची, १९४९ ची फोर्ड हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. फोक्सवॅगन बीटलला मात्र फळी शेवटपर्यंत होती, त्यामुळे नियम डोळे मिटून लावायचा नाही.

पुढची काच दोन सपाट तुकड्यांची असेल तर गाडी जुन्या वळणाची. मॉरिस मायनरला १९५६ पर्यंत दुभंगलेली काच होती, मायनर १००० आल्यावर एकसंध वक्र काच आली. काच बाजूला वळून जवळजवळ दारापर्यंत आली असेल तर १९५० च्या दशकाचा मधला किंवा शेवटचा भाग, आणि बहुतेक अमेरिकन.

अमेरिकन गाडी असेल तर कायद्यांनी आपलं काम फार सोपं करून ठेवलंय. १९४० पासून तिथे सात इंची गोल सीलबंद हेडलाइट, एका बाजूला एक. चार हेडलाइट दिसले तर १९५७-५८ किंवा नंतरची. चौकोनी हेडलाइट दिसले तर १९७५ किंवा नंतरची. मडगार्डच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकाजवळ, छोटे दिवे किंवा रिफ्लेक्टर असतील तर १९६८ किंवा नंतरची, आणि १९७० पासून दिवा आणि रिफ्लेक्टर दोन्ही हवेत. बंपर बाहेर आलेला, जाडजूड, गाडीला नंतर चिकटवल्यासारखा वाटतोय? १९७३-७४ चा धक्का सोसण्याचा नियम. मागच्या काचेत मधोमध तिसरा ब्रेकलाइट? १९८६ चं मॉडेल किंवा नंतरचं, अर्थात तो मागून बसवलेलाही असू शकतो.

शेपटासारखे उभे पंख म्हणजे टेलफिन. सुरुवात १९४८ च्या कॅडिलॅकपासून, कळस १९५९ च्या कॅडिलॅकवर, प्रत्येक पंखावर बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे. १९६० लाच पंख बुटके झाले. त्यामुळे ५९ ची कॅडिलॅक लांबूनही चुकत नाही, ज्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही तोही ओळखतो.

बीटल सगळ्या सारख्याच दिसतात. वर्ष काढता येतं का?

अहो बीटल हीच तर सगळ्यात सोपी! दिसायला सारखी राहिली पण कंपनी दरवर्षी काही ना काही बारीक बदलत राहिली, त्यामुळे शिकायला हिच्यासारखी गाडी नाही.

मागे जा आणि मागची काच बघा. मध्ये दांडी असलेल्या दोन छोट्या काचा असतील तर मार्च १९५३ च्या आधीची. एकच अंडाकृती काच असेल तर १९५३ ते १९५७. मोठी, चौकोनाकडे झुकणारी काच ऑगस्ट १९५७ पासून, आणि ती पुढे अजून मोठी होत गेली. मग पुढे या. हेडलाइटची काच मडगार्डच्या उतारासोबत मागे कललेली असेल तर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, सरळ उभी असेल तर नंतरची, अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलपासून आणि बाकी ठिकाणी त्याच्या पुढच्या मॉडेलपासून. दारामागच्या खांबातून इंडिकेटरचा हात बाहेर येतो का बघा, अमेरिकेत तो १९५५ लाच गेला, युरोपात १९६० पर्यंत टिकला. आणि पुढची काच वक्र, फुगीर दिसली तर ती १३०३ मॉडेलची बीटल, म्हणजे ऑगस्ट १९७२ च्या पुढची.

दोन-तीन खुणा एकमेकींशी जुळल्या तर वर्ष पक्कं. जुळल्या नाहीत तर गाडीचे तुकडे वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, आणि बीटलच्या बाबतीत हे सारखं होतं कारण मडगार्ड बोल्टने लागतात. म्हणून हेडलाइट आणि मागची काच यांचं भांडण झालं तर मागच्या काचेचं ऐका. मी एकदा नुसता पुढचा फोटो बघून छातीठोकपणे १९६८ सांगून बसलो होतो, नंतर मागचा फोटो आला तर अंडाकृती काच! मडगार्ड आणि दिवे कोणीतरी नंतरचे बसवलेले. तेव्हापासून मागचा फोटो असल्याशिवाय बीटलवर तोंड उघडत नाही.

ऑगस्ट १९५७ ची गाडी, मग लोक तिला ५८ ची का म्हणतात?

मॉडेल इयर आणि कॅलेंडर वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या शेवटी कारखान्यातून निघायला लागतं. मस्टँगचा घोळ याहून भारी, ती १७ एप्रिल १९६४ ला आली, लोक सुरुवातीच्या गाड्यांना साडेचौसष्ट म्हणतात, पण चासी नंबरात पहिला आकडा ५ च, म्हणजे कागदोपत्री सगळ्या १९६५ च्या. साडेचौसष्ट ओळखायची तर बॉनेट उघडा, डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) असेल तर सुरुवातीची, अल्टरनेटर असेल तर ऑगस्ट १९६४ नंतरची, निदान कोणी बदलला नसेल तर. डॅशबोर्डवरच्या दिव्यावरही त्याप्रमाणे जेन किंवा आल्ट लिहिलेलं असतं.

अजून कुठल्या गाड्यांना असा पटकन धागा सापडतो?

बऱ्याच आहेत, जमेल तेवढं सांगतो.

मिनी १९५९ ची. दाराची बिजागरी बाहेर दिसते आणि काचा सरकवायच्या, तर पहिल्या दोन मार्कमधली, म्हणजे आवृत्त्यांमधली. बिजागरी आत आणि काच हँडलने खाली जाणारी, तर १९६९ नंतरची मार्क ३. मागचे दिवे छोटे अंडाकृती तर मार्क १, मोठे चौकोनी तर १९६७ नंतरची. ऑस्ट्रेलियात बनलेल्या मिनीला मात्र बाहेरची बिजागरी असूनही खाली जाणाऱ्या काचा मिळाल्या होत्या, ती बघून भले भले गोंधळतात.

जग्वार ई-टाइप १९६१ ची. हेडलाइटवर काचेचं झाकण तर सीरीज १. झाकण नाही पण मागचे दिवे अजून बंपरच्या वर आणि नाजूक, तर मधली, जिला लोक दीड म्हणतात. मागचे दिवे बंपरच्या खाली गेले आणि जाड झाले तर सीरीज २. तोंडात जाळी आली आणि चाकांवरचा पत्रा फुगला तर सीरीज ३, आणि तिथे इंजिन बघायची गरजच नाही, ती व्ही-१२ च असणार.

पोर्शे ९११ म्हणजे बारीक नजरेचं काम. १९६९ च्या मॉडेलपासून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरने वाढला, बाहेरचं शरीर तेच पण मागचं चाक थोडं मागे सरकलं. १९७२ च्या मॉडेलला उजव्या बाजूला दारामागे एक छोटं झाकण आहे, इंजिन ऑइल टाकायचं. लोक त्यात पेट्रोल टाकायला लागले म्हणे, आणि पुढच्या वर्षी झाकण गायब! एकाच वर्षाची खूण, दिसली की संपला विषय. १९७४ पासून बंपरच्या दोन्ही टोकांना रबरी घड्या आल्या.

कॉर्व्हेटची मागची काच मधून दुभंगलेली असेल तर १९६३, फक्त १९६३. बीएमडब्ल्यू २००२ चे मागचे दिवे गोल असतील तर १९७३ पर्यंतची, चौकोनी असतील तर नंतरची. सिट्रोएन डीएसचे हेडलाइट काचेआड असतील तर सप्टेंबर १९६७ नंतरची. सिट्रोएन टू सीव्हीचं पुढचं दार मागच्या बाजूने बिजागरीवर असेल तर १९६४ पर्यंतची. फियाट ५०० चं तसंच, १९६५ पर्यंत, पण तिची इस्टेट (स्टेशन वॅगन) जिआर्दिनिएरा उलटी दारं घेऊन पुढेही बरीच वर्षं निघत राहिली, तेव्हा मागचा भाग बघितल्याशिवाय वर्ष सांगू नका. फोर्ड मॉडेल टीला पितळी रेडिएटर असेल तर १९१६ पर्यंतची. आणि सगळ्या मॉडेल टी काळ्याच होत्या हे अर्धसत्य, फक्त काळ्या रंगाचा काळ १९१४ ते १९२५, गाडी मात्र १९०८ ते १९२७ बनली.

माझी गाडी पुस्तकातल्या फोटोशी जुळते, पण तोंड वेगळं दिसतं. असं का?

बहुतेक ती दुसऱ्या देशासाठी बनलेली असेल. अमेरिकेत सीलबंद गोल दिवे सक्तीचे होते म्हणून त्याच काळातली मर्सिडीज युरोपात एका उंच काचेमागे सगळे दिवे घेऊन फिरायची आणि अमेरिकेत वेगळे सुटे गोल दिवे लावून. डीएसचे काचेआडचे दिवेही तिथे उघडेच विकले जायचे. बाजूचे मार्कर दिवे, जाड बंपर, ताशी मैलांचा स्पीडोमीटर, हे एकत्र दिसलं की गाडी अमेरिकेसाठीची. बंपर आणि दिवे बदलून तिला युरोपियन रूप दिलेलं असेल तर मडगार्डवर मार्कर दिव्याची बुजवलेली जागा शोधा, बहुतेक लोक तिथे आळस करतात.

बॉनेट उघडं आहे. इंजिन बघताना पहिलं काय बघायचं?

प्लगच्या वायरी मोजा. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपीतून मधली एक वायर कॉइलला जाते, बाकी जितक्या तितके सिलिंडर. मग त्या वायरी कुठे जातात बघा, सगळ्या एका रांगेत तर इनलाइन, दोन रांगा वर तिरक्या तर व्ही, आणि दोन्हीकडे खाली आडव्या गेल्या तर फ्लॅट म्हणजे बॉक्सर.

मग व्हॉल्व्ह कुठे आहेत याचा अंदाज घ्या. हेडवर टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हच्या यंत्रणेवरचं झाकण) नाहीच, नुसता सपाट पत्र्यासारखा जाड ओतीव तुकडा आणि त्यात वरून उभे प्लग, तर साइड व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लॅटहेड, १९३२ ची फोर्ड व्ही-८ यातली. एक कव्हर असेल तर पुशरॉड (खालून दांड्यांनी व्हॉल्व्ह ढकलणारं) किंवा एक कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा). दोन लांबट कव्हर शेजारी शेजारी आणि मधल्या घळीत प्लग, तर ट्विन कॅम. जग्वारचं एक्सके इंजिन हे ट्विन कॅमचं सगळ्यात देखणं उदाहरण, चकचकीत ॲल्युमिनियमची दोन कव्हरं, १९४८ ला एक्सके १२० मध्ये आलं.

पुढे रेडिएटरच नसेल तर एअर कूल्ड, पण रेडिएटर दुसरीकडे तर नाही ना हे बघा. जुन्या साब ९६ मध्ये रेडिएटर इंजिनाच्या मागे होता, १९६५ च्या मॉडेलला नाक लांब केलं तेव्हा तो पुढे आला.

एक्झॉस्टचे पाइप मोजून सिलिंडर कळतात ना?

नाही, इथे हमखास फसायला होतं! फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ ला प्रत्येक बाजूला तीनच एक्झॉस्टची तोंडं आहेत, कारण मधल्या दोन सिलिंडरची वाट एकच. मोजणारा म्हणतो व्ही-६. मिनीच्या ए-सीरीज इंजिनाचंही तेच, चार सिलिंडर पण एक्झॉस्टला तीन तोंडं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची बी-सीरीज तशीच. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉकला, म्हणजे लहान व्ही-८ ला, प्रत्येक बाजूला चार तोंडं पूर्ण आहेत पण मधली दोन अगदी चिकटून, आणि हीच तिची लांबून ओळखायची खूण. पाइप मोजू नका, वायरी मोजा.

अमेरिकन व्ही-८ सगळी सारखीच दिसतात. वेगळी कशी करायची?

डिस्ट्रिब्युटर कुठे आहे ते बघा, अर्धं काम झालं. शेवरोले, पॉन्टियाक, ओल्ड्समोबाइल, तिघांचाही मागे, काचेकडे. ओल्ड्समोबाइलला वर पुढच्या बाजूला तेल टाकायची उभी नळी असते. ब्युइकच्या १९६७ नंतरच्या मोठ्या व्ही-८ चा पुढे. फोर्डची १९६० च्या दशकातली, म्हणजे २६०, २८९, ३०२ (अमेरिकन इंजिनांचे हे आकडे सीसी नव्हे, घन इंच) आणि एफई नावाच्या मोठ्या इंजिनांच्या कुटुंबातली, सगळ्यांचा पुढे, फक्त जुन्या वाय-ब्लॉकचा मागे. क्रायसलरच्या लहान एलए इंजिनाचा मागे, मोठ्या बी आणि आरबीचा पुढे तिरका. क्रायसलरचंच हेमी इंजिन असेल तर काही बघायलाच नको, रुंद टॅपेट कव्हर आणि प्लगच्या वायरी थेट कव्हरच्या मधून आत शिरतात. त्यात डिस्ट्रिब्युटर मागे तर १९५० च्या दशकातली जुनी हेमी, पुढे तर ४२६.

मग टॅपेट कव्हरचे बोल्ट मोजा. शेवरोले स्मॉल ब्लॉक, १९५५ पासूनची, सरळ कडांचं कव्हर आणि कडेला चार बोल्ट. बिग ब्लॉक, १९६५ पासूनची, रुंद, कड वाकडीतिकडी, सात बोल्ट. फोर्डमध्ये ३५१ नावाची दोन पूर्ण वेगळी इंजिनं आहेत, विंडसरच्या कव्हरला सहा बोल्ट आणि क्लीव्हलँडच्या कव्हरला आठ. शिवाय क्लीव्हलँडमध्ये रेडिएटरचा वरचा पाइप ब्लॉकमधून सरळ वर निघतो, विंडसरमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डच्या पुढून येतो. आणि फोर्ड एफईची खूण अशी की टॅपेट कव्हर अर्धं इनटेक मॅनिफोल्डवरच बसलेलं असतं, त्यामुळे मॅनिफोल्ड अवाढव्य रुंद दिसतो. एकदा बघितलं की डोळ्यात बसतं.

मग इंजिन किती सीसीचं हे बघून सांगता येईल?

बहुतेक वेळा नाही, आणि जो फोटो बघून ठणकावून सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. शेवरोलेची २८३, ३०७, ३२७, ३५० बाहेरून जवळजवळ सारखीच, फरक आतल्या बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोकचा (पिस्टनची चाल). फोर्ड एफईमध्ये ३९० आणि ४२८ तसंच. त्यातल्या ४२७ ला मात्र एक बाहेरची खूण आहे, ऑइल संपच्या वर ब्लॉकच्या कुशीत बाहेरून आलेले आडवे बोल्ट, मेन बेअरिंगच्या टोप्या घट्ट धरायला. गंमत म्हणजे ४२७ नावाच्या कोब्रा या स्पोर्ट्स गाड्यांपैकी काहींमध्ये कारखान्यातूनच ४२८ बसवलेलं होतं, म्हणजे बॅज खरा, गाडी खरी, आणि तरी आकडा चुकीचा.

त्यामुळे बघून काय सांगता येतं तर इंजिनाचं घराणं. आकडा हवा असेल तर कास्टिंग नंबर लागतो.

कास्टिंग नंबर आणि इंजिन नंबर यात फरक काय?

कास्टिंग नंबर लोखंड ओततानाच उठून आलेला असतो, वर आलेले जाड आकडे. तो सांगतो हा ब्लॉक कुठल्या साच्यातला. इंजिन नंबर नंतर पंचाने ठोकलेला असतो, आत गेलेले आकडे, आणि तो सांगतो हे इंजिन कुठल्या गाडीसाठी आणि कुठल्या ट्यूनिंगचं. दोन्हीचे फोटो वेगवेगळे काढा.

शेवरोले स्मॉल ब्लॉकवर कास्टिंग नंबर मागच्या काठावर, गिअरबॉक्सच्या बाजूला सापडतो, जवळच तारीखही, एक अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. सी १२ ५ म्हणजे १२ मार्च, पण वर्ष ५५, ६५ की ७५? ते कास्टिंग नंबरावरून ठरवायचं. इंजिनाची तारीख गाडीच्या तारखेनंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे, यात वाद नाही. ठोकलेला नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला हेडखालच्या छोट्या सपाट जागेवर असतो, आणि १९६८ नंतर तिथे किंवा आसपास गाडीच्या नंबराचा तुकडाही मिळतो. त्या जागेवर मशीनने तासलेल्या बारीक समांतर रेघा असायला हव्यात. जागा गुळगुळीत घासलेली दिसली तर नंबर पुन्हा ठोकलाय असं धरून चाला.

जुन्या मस्टँगच्या चासी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिनाचं. के असेल तर २७१ हॉर्सपॉवरचं २८९, ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात. सी असेल तर दोन बॅरलच्या (दोन नळ्यांच्या) कार्ब्युरेटरचं साधं २८९, टी असेल तर सहा सिलिंडर. सतरा अक्षरी नंबर १९८१ पासूनचा, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली आपली लिपी.

इंजिनाच्या रंगावरून काही कळतं?

कळतं, पण हे बॅजच्याच जातीचं, डब्यातला रंग कोणीही मारतो. शेवरोले व्ही-८ नारिंगी, फोर्ड १९६६ पासून निळी. त्याआधीचं १९६५ चं २८९ मात्र काळा ब्लॉक आणि सोनेरी कव्हर. म्हणून ६५ च्या मस्टँगमध्ये सगळंच निळं दिसलं तर इंजिन नंतरचं आहे किंवा रंगवणाऱ्याला माहीत नव्हतं. बहुतेक वेळा दुसरंच.

कार्ब्युरेटर बघून काय कळतं?

ब्रिटिश गाडीत वर घुमटासारखा गोल डबा असलेला कार्ब्युरेटर म्हणजे एसयू. ई-टाइपला असे तीन, मिनी कूपरला दोन. पण कार्ब्युरेटर बदलणं हा जुन्या गाडीवाल्यांचा राष्ट्रीय खेळ आहे, त्यामुळे त्यावर गाडी ओळखू नका, फक्त इंजिन मूळ स्थितीत आहे का याचा अंदाज घ्या.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांचं काय?

बीटलमध्ये पंखा उंच पत्र्याच्या खोक्यात लपलेला, समोर डायनॅमो आणि एक पट्टा. ९११ मध्ये मोठा गोल पंखा तोंड मागे करून समोरच दिसतो, अल्टरनेटर त्याच्या पोटात. ९१२ बाहेरून हुबेहूब ९११ पण आत चार सिलिंडरचं ३५६ वरून आलेलं इंजिन, म्हणजे पत्र्याचं खोकं दिसणार, गोल पंखा नाही. आणि पंखा चक्क इंजिनाच्या वर आडवा झोपलेला असेल, पट्टा वळसा घेऊन वर जात असेल, तर शेवरोले कॉर्व्हेअर.

बॉनेट बंद असेल तर इंजिन ओळखता येतं?

कधी कधी. बॉनेटवर मोठा फुगवटा असलेली एमजीबी दिसली तर ती एमजीबी नाहीच, एमजीसी आहे, आत सहा सिलिंडर बसवायला जागा पुरेना म्हणून पत्रा फुगवला. १९५७ च्या शेवरोलेवर बॉनेटला मोठा व्ही असेल तर व्ही-८, नसेल तर सहा सिलिंडर. फेरारीच्या जुन्या नावातच उत्तर असतं, २५० म्हणजे एका सिलिंडरचे सीसी, बारा सिलिंडर धरले की तीन लिटर. मात्र डिनो २४६ ला हा हिशोब लावू नका, तिथे २.४ लिटर आणि ६ सिलिंडर.

समोरची गाडी खरी की रेप्लिका, म्हणजे नक्कल?

कोब्रा, पोर्शे स्पीडस्टर आणि फेरारी २५० जीटीओ दिसली की आधी रेप्लिकाच समजा. जीटीओ मुळात ३६ बनल्या. रेप्लिका बाहेरून चांगली जमते, फसते ती कडेकपारीत. दाराच्या फटी, बिजागरीची जागा, डॅशबोर्डवरची घड्याळं, पुढच्या काचेचा कोन, आणि बसायची जागा व चाकं यांचं प्रमाण. स्पीडस्टरच्या बऱ्याच रेप्लिका बीटलच्या चासीवर असतात, तेव्हा मागचं झाकण उघडा आणि वर सांगितलेलं बीटलचं इंजिन आहे का बघा. चुंबक लावायची युक्ती सगळे सांगतात, पत्र्याला चिकटतं आणि फायबरला नाही, पण कोब्राचं मूळ शरीर ॲल्युमिनियमचं आणि कॉर्व्हेटचं मूळ शरीरच फायबरचं, त्यामुळे तिथे चुंबक काहीच सांगत नाही.

ओळखून हवी असेल तर फोटो कसे काढू?

समोरून तिरका एक, मागून तिरका एक, आणि अगदी बाजूने कमरेच्या उंचीवरून एक. हा तिसरा कोणी काढतच नाही आणि तोच सगळ्यात कामाचा, व्हीलबेस आणि काचांचा आकार त्यातच कळतो. मोबाइल फार जवळ नेऊ नका, नाक फुगतं आणि प्रमाण बिघडतं, चार पावलं मागे जा आणि झूम करा. इंजिनाचे दोन्ही बाजूंनी, आणि एक सरळ वरून. एअर क्लीनर सुटत असेल तर काढून, कारण त्या मोठ्या ताटलीखाली डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड सगळं लपतं. नंबर वाचता येत नसेल तर खडू आडवा घासा, आत गेलेले आकडे उठून दिसतात. वायर ब्रश किंवा सँडपेपर लावू नका, तासलेल्या रेघा गेल्या की पुरावाच गेला.

फोटोत गाडीचा अर्धाच भाग आहे, तोही धूसर. काही होईल का?

होतं की! मागच्या काचेचा कोपरा, एक दिवा आणि चाकाचे नट दिसले तरी पुष्कळ झालं. नट तीनच असतील तर टू सीव्हीसारखी फ्रेंच गाडी असण्याची शक्यता आधी तपासा. माणूस शेजारी उभा असेल तर छप्पर त्याच्या खांद्याला लागतं की छातीला ते बघा, गाडीचा आकार कळतो. फोटो उलटा छापलेला नाही ना हेही बघा, नंबरप्लेट किंवा मागची पाटी वाचा, कारण आरशासारख्या उलट्या फोटोत स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला जातं आणि मग लोक तासन्‌तास चुकीच्या देशाची गाडी शोधत बसतात. उत्तर एकच वर्ष म्हणून देता आलं नाही तर अमुक ते अमुक असं द्या, उदाहरणार्थ नुसती अंडाकृती काच दिसली तर ५३ ते ५७. त्यापुढे एक वर्ष निवडायला दुसरी खूण लागते, आणि ती फोटोच्या कडेबाहेर राहिली असेल तर त्याच दिवशीचा दुसरा फोटो अल्बममध्ये आहे का बघा, लोक गाडीसोबत एकच फोटो सहसा काढत नाहीत.